बुटांचं खळं

शी! आल्या परत.

सकाळी मागचं दार उघडलं, भपकारा नाकात गेला आणि कळलं, पाऊस संपला, मोसम सुरू झाला. कुणाला आभाळ बघून कळत असेल, कुणाला तेरडा फुलल्यावर कळत असेल. मला नाकावरून कळतं. आमच्या मागच्या खळ्यावर दोऱ्या बांधल्या जातात आणि त्यांवर झोपायच्या पिशव्या लोंबायला लागतात. लाल, निळ्या, पोपटी. लांबून बघणाऱ्याला वाटेल, लग्नघर आहे. जवळ जाऊन बघा म्हणावं. घामट पाय, शिळी बिस्किटं, ओलं कुत्रं आणि कुणीतरी आठवडाभर अंगावरून न काढलेलं बनियन, हे सगळं एकाच पातेल्यात उकळायला ठेवल्यासारखा वास. पावसाळाभर गाळ्यात कोंडलेला, आणि त्यावर आमची खाडीकडची दमट हवा. हातातला चहा होता तसा मोरीत ओतला.

पिशव्या आमच्या नव्हेत. गाळा आमचा. भिवंडीजवळच्या आमच्या अंजूरला आता शेत दाखवा म्हटलं की लोक गोडाऊन दाखवतात, तसंच आमचंही झालं. भाताच्या जमिनीवर पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिच्यातला एक गाळा डोंगरात माणसं फिरवून आणणाऱ्या एका कंपनीने भाड्याने घेतला. शहरातली माणसं जंगलात जातात, बर्फात जातात, बरोबर वाटाड्या असतो, तंबू असतो, स्वयंपाकी असतो. ते सगळं सामान आमच्या दारात. पाऊस संपला की ते बाहेर काढायचं, उन्हं दाखवायची, फाटलं-तुटलं शिवायचं आणि नव्या मोसमासाठी तयार ठेवायचं.

शेत दिलं, पण खळं यांनी दिलं नाही. यांनी म्हणजे माझ्या नवऱ्याने. पूर्वी ह्याच खळ्यावर दिवाळीच्या सुमाराला भात झोडायला यायचं, पेंढ्यांचा ढीग, आणि तो वास, काय सांगू, उन्हात तापलेल्या तुसाचा. सासूबाई कुणालाही पायात वहाण घालून खळ्यावर येऊ देत नसत. सरपंच आले तरी चपला बाहेर. आता तिथे सिमेंटचा कोबा आहे, भाताचा दाणा पडून कित्येक वर्षं झाली, पण चपला आजही बाहेर. टेम्पो खाली करायला आलेल्या हमालांना मी दारातूनच ओरडते, "भैया, चप्पल उतारो!" ते बिचारे अनवाणी पायांनी बोजे उचलतात. आणि त्याच खळ्यावर, बरोबर मधोमध, भाड्याने देऊन देऊन वापरलेले चाळीसेक बूट जिभा बाहेर काढून उन्हात पडलेले असतात.

यांना म्हटलं, "हमालाची चप्पल चालत न्हाय आणि हे चालतात?"

"पायात असलं तर पायताण," हे म्हणाले. "पायात नसलं तर ते सामान हाय."

घ्या! ह्या माणसाला वकील व्हायला हवं होतं.

तर सकाळपासून मी शी शी करत फिरतेय आणि मला फार बरं वाटतंय. हे सांगायला हवं, कारण मधली काही वर्षं हा शब्द आमच्या घरात बंद होता. मी मूळची शी म्हणणारी बाई. माहेरी मला शीबाईच म्हणायचे. बसच्या दांडीला हात लावला तरी साबणाने धुणार, हॉटेलातला पेला स्वतः पुन्हा विसळणार, पाहुण्याने वापरलेली उशी तो वळणावर दिसेनासा व्हायच्या आत उन्हात टाकणार. मला घाणीची भीती नाही वाटत, राग येतो. घाण धुता येते ना, मग लोक धुवत का नाहीत, असा तो राग. आणि अशा बाईने तोंडाला कुलूप लावलं, ते दर्शनासाठी.

दर्शना माझी मुलगी, एकुलती एक. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तिच्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. मला वाटलं टूथपेस्ट राहिलीय, मी पदराने पुसला. तो पुसला गेला नाही. मग बोटांच्या टोकांवर आले, मग मनगटावर, मग कोपरांवर. कोड. डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं, हे लागत नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही, तब्येतीला काही धोका नाही, फक्त रंग जातो. आम्हाला समजलं. पण जगाला कोण समजावणार?

एक स्थळ आलं होतं बघायला. दर्शनाने चहा दिला. मुलाच्या मावशीने कप घेतला, तिच्या बोटांकडे पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला. बशीवर ठेवला असता तर चाललं असतं, तिने जमिनीवर ठेवला, पायापासून लांब सरकवून. चहावर साय धरेपर्यंत ती मंडळी बसली होती, गोड गोड बोलत होती. ती गेल्यावर तो कप मी नळाखाली धरला आणि घासत बसले. मावशीचा हात लागला होता म्हणून घासत होते, दुसरं काही नाही. पण दर्शना मोरीच्या दारात उभी होती, तिला काय वाटलं असेल ते देव जाणे.

मग कुणीतरी सांगितलं, वज्रेश्वरीच्या कुंडात आंघोळ घाला, गरम पाण्याने कातडीचं सगळं जातं. गेलो. देवीला ओटी भरली, कुंडावर गेलो. काय ते पाणी! साबणाचे कागद, शाम्पूच्या पुड्या, तेलाचा तवंग, कुणाचं तरी अंगावरचं चिकटपट्टीचं बँडेज तरंगतंय. तरी लेकीसाठी पदर खोचून उभी राहिले. दर्शना पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेली, आणि आत बसलेल्या दोन बायका उठून वर आल्या. तसल्या पाण्यात त्या मघापासून मजेत बसल्या होत्या हो! त्या पाण्याची नाही वाटली, आणि माझ्या आंघोळ करून आलेल्या पोरीची घाण वाटली.

त्या दिवसापासून मी शी म्हणायचं सोडलं. कारण घरात कुठेही, कशालाही शी म्हटलं की दर्शनाचा हात आपोआप बाहीत जायचा. भाजीत अळी निघाली म्हणून मी ओरडले, तिचा हात बाहीत. उंदीर मेला, हात बाहीत. मग मी गिळायला शिकले. अळी निघाली तर गुपचूप फेकायची. यांनीही तेच केलं. आमच्या घरात कुणाला कशाचीच घाण वाटेनाशी झाली, इतके आम्ही सभ्य झालो. तसं जगणं फार थकवणारं असतं.

दर्शना बाहेर जाईना. मागच्या गाळ्यात मात्र जायला लागली, कारण तिथे माणसं नव्हती, सामान होतं. तंबूंच्या चेनी बसवणं, सॅकचे पट्टे शिवणं, फाटक्या पिशव्यांना ठिगळं लावणं. आमचं शिवणयंत्र तिने तिकडेच नेलं. गाळा सांभाळायला कंपनीची नाझनीन यायची. भिवंडीतलीच, पॉवरलूमवाल्यांच्या घरातली, आणि धंदा काय तर लोकांना डोंगरात घेऊन जायचा. तिच्या अब्बांनी आधी डोक्याला हात लावला होता म्हणे, आता तेच शेजारपाजाऱ्यांना तिचे बर्फातले फोटो दाखवतात. तोंडाने फटकळ, मनाने बरी. एकदा ती दर्शनाला म्हणाली, "तू साल भर ह्या पिशव्या शिवतेस, एकदा आत झोपून तर बघ. मोसमाचा पहिलाच ग्रुप जातोय उत्तराखंडला. चल माझ्याबरोबर."

आणि दर्शना हो म्हणाली. भाजी आणायला नाक्यावर जात नव्हती ती पोरगी, ती हो म्हणाली! मी नाझनीनला पोटभर जेवायला घातलं.

ती हो का म्हणाली ते मला दोन-चार दिवसांनी कळलं. पलंगावर सामान मांडून बसली होती. दोन जोड हातमोजे, आतले लोकरीचे आणि वरचे पाणी न लागणारे. कानटोपी. मानेवरून नाकापर्यंत ओढायची ती कापडी नळी. काळा चष्मा. सगळं अंगावर चढवून ती आरशासमोर उभी राहिली. दिसत काहीच नव्हतं, ना ओठ, ना बोटं, ना मनगट.

"तिथे सगळेच असं घालतात, आई," ती नळीच्या आतून म्हणाली. "सगळेच झाकलेले असतात."

म्हटलं, जाऊ दे, झाकून का होईना, चार माणसांत तर जाईल. त्या मोसमात मला तेवढंच हवं होतं, दर्शनाने घराबाहेर पडावं आणि पुन्हा घरात कोंडून घेऊ नये.

तयारी सुरू झाली आणि माझी परीक्षाही. नाझनीन एकेक गोष्ट सांगायची आणि मी दात आवळून ऐकायची. आठ दिवसांना अंगात घालायचे कपडे दोन. फक्त दोन! बाकी ओझं नको. संडास म्हणजे खड्डा, वरती उभा तंबू, खड्ड्यावर प्रत्येकाने आपापली माती टाकायची. बरं, ठीक आहे, आमच्या लहानपणी आम्ही कुठे टाइल्सवर बसत होतो. पण पुढचं ऐका. वापरलेले ओले कागद, बायकांचं महिन्याचं जे काय असेल ते, तिथे टाकायचं नाही. डोंगर घाण होतो. पिशवीत बंद करायचं आणि आपल्या सॅकमधून परत घेऊन यायचं.

"परत?" मी म्हटलं. "सॅकमध्ये? खाऊच्या डब्याशेजारी?"

"डबल पिशवीत, काकी. टेन्शन नका घेऊ."

टेन्शन नका घेऊ! शी अगदी जिभेवर आली होती, दातांवर आपटली आणि परत गेली. दर्शना माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "छान पद्धत आहे." हे पेपरामागून खोकले.

आता जे झालं ते घटांमुळे झालं. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक पांघरूण धुवायचं असतं. गोधड्या, चादरी, अभ्रे, कोनाड्यातलं फडकंसुद्धा. न धुतलेलं अंथरूण घरात असताना घट बसवायचा नाही. सासूबाई हौदात गोधडी टाकून सोड्याच्या कढत पाण्यात पायांनी तुडवायच्या, मीही तसंच करते. मशीनला गोधडी कळत नाही. तर दर्शना धागे आणायला भिवंडीला गेली होती, मी घरभर फिरून अंथरुणं गोळा करत होते, आणि तिच्या खोलीत पलंगावर ती पडलेली दिसली. झोपायची पिशवी. नाझनीनने दर्शनासाठी अख्ख्या गाळ्यातली सगळ्यात उबदार निवडून काढलेली. मी नाक लावलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. माझी लेक ह्याच्यात झोपणार? आणि हे घरात असताना देवीचा घट बसणार? कोण म्हणेल मी चूक केली!

हौदात टाकली. सोडा टाकला, साबणाचा चुरा टाकला, कढत पाणी ओतलं आणि साडी वर खोचून आत उतरले. तुडव तुडव तुडवली. आधी काळं पाणी निघालं, मला असा आनंद झाला! दुसऱ्यांदा करडं. आणि मग वास यायला लागला. हा घामाचा नव्हता, पायांचा नव्हता. हा कोंबडीच्या खुराड्याचा वास, पावसात भिजलेल्या, मेलेल्या, कुजायला लागलेल्या कोंबडीचा. मी तुडवायची थांबले. शिवणीतून काहीतरी पांढरं वर आलं. पीस.

हे बाहेर आले. "बदक बुडालं का काय हौदात?"

अगदी तेच होतं. आत बदकाची पिसं असतात म्हणे, म्हणून ती ऊब. गोधडीत जुनं लुगडं असतं, हे माझ्या डोक्यात पक्कं. पांघरुणात मेलेले पक्षी भरतात हे मला कुणी सांगितलं होतं? आणि घट दोन दिवसांवर! आमच्याकडे त्या दिवसांत अंडं घरात येत नाही, सुकट डब्यात बंद करून घराबाहेर ठेवतात, आणि माझ्या हौदात, माझ्या पायाखाली, किती बदकं होती कुणास ठाऊक.

दर्शना आली. तिने हौदात बघितलं, पिशवी दोन्ही हातांवर बाळासारखी उचलली. आतली पिसं गोळे होऊन एका कोपऱ्यात जमली होती, बाकी सगळीकडे नुसती कापडाची कातडी. "ही अशी नेली तर थंडीने मरेन मी," ती म्हणाली. नाझनीनने फोनवर उपाय सांगितला. पिळायची नाही, सावलीत आडवी पसरायची आणि एकेक गोळा कापडावरूनच बोटांच्या चिमटीत धरून फोडत बसायचा, सुकेपर्यंत. दुसरी मिळेल, पण इतकी उबदार उरलेली नाही.

म्हणजे ती पिशवी सुकली तर दर्शना जाणार, नाही तर नाही. आणि भिजवली मी.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी खळ्यावर चटई टाकून बसलो, मध्ये ते बदकांचं मढं. डिझेल, खाडी, ओली पिसं, वर ऑक्टोबरचं ऊन, नाकाने मला घटस्फोट दिला असता. गोळे हातमोजे घालून फुटत नाहीत. दर्शनाने बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. कित्येक महिन्यांनी तिचे हात मी उजेडात पाहत होते. ठिपके वाढले होते. तीन बोटं पूर्ण पांढरी, आणि ती बोटं इतकी चपळ चालत होती, चिमटीत गोळा धरला की फुस्स. माझे दोन होईपर्यंत तिचे पाच.

नेमका तोच दिवस सामान वाटपाचा. कंपनीची रीत अशी, की जाणाऱ्यांनी आधी गाळ्यावर यायचं, सॅक पाठीला लावून बघायची, भाड्याचे बूट हवे असतील तर घालून बघायचे. गाड्या आल्या. सगळे गाळ्याच्या दारात नाझनीनभोवती जमले. त्यांतली ठाण्याची एक बाई आमच्याकडे आली. चांगली पन्नाशीची, टापटीप, पायात कोरे करकरीत बूट.

"अय्या, हे काय करताय?" तिने विचारलं.

दर्शनाने सांगायला म्हणून हात वर केले. बाईची नजर हातांवर पडली आणि तिथेच राहिली. मग ओठांवर गेली. मग ती हसली. ते हसू मी ओळखते, कप जमिनीवर ठेवतानाचं हसू. तिने खुणेने नाझनीनला बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं. पण खळ्यावर आवाज लपत नाही, सगळं मोकळं.

"मला तंबूत कुणाबरोबर देताय? नाही, मला काहीच प्रॉब्लेम नाही हं. पण तिला ते स्किनचं आहे ना... आणि पिशव्या सगळ्या तीच हाताळते का?"

दर्शनाची बोटं थांबली. तिने बाह्या खाली ओढल्या, पार अंगठ्यापर्यंत. "आई," ती म्हणाली, "मी नाही जात."

आदल्या दिवशी बदकाच्या पाण्यात उभी होते तेव्हाही मला इतकी किळस आली नव्हती. वज्रेश्वरीच्या तवंगाचीही नाही. मला त्या बाईची, तिच्या हळू आवाजाची, त्या "काहीच प्रॉब्लेम नाही"ची जी शिसारी आली, ती आजही पोटात आहे. मी उठले. काय बोलणार होते मलाच माहीत नव्हतं. आणि माझी नजर खाली गेली. कोरे करकरीत बूट. पायांत. खळ्याच्या बरोब्बर मधोमध.

"ओ बाई!" मी ओरडले. "पायातलं काढा आधी!"

"अं?"

"बूट काढा! खळं हाय हे आमचं! इथं लक्ष्मी उतरते, इथं आमचे हमाल अनवाणी चालतात. बूट घालून तुम्ही देवाच्या जागेवर उभ्या राह्यल्यात आणि घाण कुणाची वाटते तुम्हाला? माझ्या लेकीची?"

हे गाळ्यातून धावत आले. बाई गोरीमोरी झाली, काय करावं कळेना म्हणून मुकाट खाली वाकून नाड्या सोडायला लागली. आता झालं असं होतं, की नवे बूट आधी चार दिवस घालून फिरा, म्हणजे पायाला बसतात, असं कंपनीनेच सगळ्यांना सांगितलेलं. बाईने ते मनापासून पाळलं होतं. जाड मोज्यांसकट, ऑक्टोबरच्या उकाड्यात. पहिला बूट निघाला.

अरे देवा.

दोरीवरच्या सगळ्या पिशव्या, हौद, बदक, सगळं एका बाजूला आणि तो एक मोजा एका बाजूला. गाळ्याच्या दारातला ग्रुपमधला एक चष्मेवालाही दोन पावलं मागे सरला. हमाल तोंड फिरवून खांदे हलवायला लागले. हे टॉवेल नाकाला लावून म्हणाले, "आयला, काय मेलंय काय?" बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला दया येत नव्हती, खोटं कशाला सांगू.

नाझनीन मात्र शांत होती. "मॅडम, लाजू नका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वरती आंघोळ नसते. पाण्यात हात घातला तर बोटं बधिर. दोन-तीन दिवसांत सगळ्या तंबूंना एकच वास येतो, कुणाचा कुठला, कळत पण नाही. ज्यांना घाण वाटते त्यांनी आत्ताच बोला, वर गेल्यावर नको."

बाई खाली मान घालून दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली.

माझ्यामागून आवाज आला. "खरंच कुणी आंघोळ करत नाही?"

"आठ दिवस नाही," नाझनीन म्हणाली.

"तू पण नाही?"

"मी पण नाही ग. माझ्या जवळ तर येऊच नकोस."

दर्शनाने चटईवरची पिशवी पुढे ओढली, एक गोळा शोधला आणि चिमटीत धरला. बाह्या खालीच होत्या. पण गोळा फुटला, मग दुसरा फुटला. मीही खाली बसले आणि माझ्या बाजूचे फोडायला लागले.

घट बसला. त्या वर्षी देवघरात उदबत्तीच्या मागे थोडंसं बदक दरवळत होतं. देवीला मी हात जोडून सांगितलं, बाई ग, सांभाळून घे, पोरीचं काम आहे. तिसऱ्या माळेला पिशवी फुगली, पुरी फुगते तशी, टम्म. त्याच दुपारी दर्शना सॅक पाठीला लावून निघाली. खळ्याच्या कडेला बूट चढवले, वर बघून म्हणाली, "वास अजून आहे हं थोडा." मी म्हटलं, "असू दे." रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तरी मी तिची उशी उन्हात टाकली नाही.

ते दिवस मी कसे काढले! फोन लागत नाही तिथे. मी भांडी घासायची आणि मनात यायचं, कुणी ताट लांब सरकवलं असेल का तिचं. चहा गाळायची आणि वाटायचं, कप कुणी जमिनीवर ठेवला असेल का. यांना विचारलं तर म्हणायचे, "मोजे हायत ना हातात तिच्या." म्हणजे ह्यांनाही तेच दिसत होतं.

दसरा झाला आणि ती आली. नाझनीनच्या टेम्पोतून उतरली, काळवंडलेली, नाकाची सालटं निघालेली, केसांच्या जटा. खळ्याच्या कडेला बसून बूट काढले, आपणहून. अनवाणी आत आली, सॅक माझ्यासमोर आपटली आणि उलटी केली. काय काय पडलं त्यातून! डबल पिशवीत बंद केलेलं ते, त्याच्याशेजारी माझ्या चिवड्याचा डबा. चिखल. अर्धं सफरचंद, तपकिरी. आणि मोज्यांचा एक ओला गोळा. मी तो लांबूनच दोन बोटांनी उचलला, उलगडला.

"हे तुझे न्हायत," मी म्हटलं. "एवढे मोठे."

"त्या ठाण्याच्या बाईंचे," दर्शना म्हणाली. "आम्ही एकाच तंबूत होतो. खूप थंडी होती, सगळंच एकत्र झालं. घोरतात गं फार."

"तिचे? तेच ते?" आणि मग ते सुटलं. किती वर्षं दातांमागे कोंडलेलं, मला थांबवताच आलं नाही. "शी!"

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देव्हारा पाडलाय. मी दर्शनाच्या हातांकडे पाहिलं, आता बाहीत जाणार म्हणून. ते उघडे होते, मातीचे, तीन बोटं पांढरी, नखांत काळं. आत गेले नाहीत.

तिने स्वतःची बाही नाकाशी नेली आणि हुंगली.

"परत म्हण," ती म्हणाली.

"शी!" मी म्हटलं. "शी शी शी! काय मेल्यासारखा वास मारतेस गं घाणेरडे! लांब हो! आंघोळ कर आधी!"

ती हसत सुटली. आणि लांब व्हायचं सोडून जवळ आली, अगदी अंगाला अंग, आणि ते दोन्ही हात तिने माझ्या गालांवर ठेवले. रॉकेल, धूर, त्या बाईचे मोजे आणि अजून थोडंसं बदक. वास भयंकर होता. मी डोकं हलवलं नाही.